आयसीयूच्या दारात संपलेली रजा

घरातलं माणूस अचानक भरती झालं की पहिल्या तीन दिवसांत चार जणांच्या मिळून बारा रजा संपतात. मुलगा, सून, मुलगी, जावई सगळे आयसीयूच्या बाहेर बसून असतात. आत सोडतात सकाळी पाच-दहा मिनिटं आणि संध्याकाळी पाच-दहा मिनिटं, तेही एकेकाला. बाकीचा दिवस बाकड्यावर जातो. मग आठव्या दिवशी डिस्चार्ज मिळतो, आईला घरी आणतात. आता तिला धरून न्हाणीपर्यंत न्यायचं असतं, वेळेवर गोळ्या द्यायच्या असतात, रात्री दोनदा उठवून कूस बदलायची असते. आणि नेमकी तेव्हाच कुणाचीही रजा शिल्लक नसते.

या चुकीमागे माया असते, म्हणूनच ती सुधारणं अवघड जातं. बातमी कळली की माणूस हातातलं काम टाकून धावतो. धावावंच. पण धावत येणं आणि तिथं दिवसच्या दिवस बसून राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला एक दिवस लागतो, दुसरी महिन्याभराची शिल्लक खाऊन टाकते.

पहिल्या दिवसांत दवाखान्याला नातेवाइकांकडून नेमकं काय हवं असतं ते बघू. एक, सही करणारं माणूस. ऑपरेशनचं, भुलीचं, रक्त चढवण्याचं संमतीपत्र, आणि ‘धोका समजावून सांगितला आहे’ असा कागद. डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती समोर लागते आणि ती रोज तीच असलेली बरी. सकाळी एकाला सांगितलेलं संध्याकाळी दुसऱ्याला पहिल्यापासून सांगावं लागलं की डॉक्टरही थकतात आणि घरातही चार वेगवेगळ्या गोष्टी पसरतात. दोन, धावपळ करणारं माणूस. औषधं आणायची, रक्तपेढीत नमुना पोचवायचा, तपासणीचे रिपोर्ट गोळा करायचे, पैसे भरायचे. तीन, रात्री झोपायला एक जण. बस. आयसीयूतल्या पेशंटसाठी एका वेळी तीन माणसं पुरतात आणि त्यातल्या दोघांना पूर्ण दिवसाची रजा लागेलच असं नाही. राऊंड बहुतेक ठिकाणी सकाळी असतो. दुपारी तीनची पाळी असलेला कारखान्यातला माणूस राऊंड सांभाळून कामावर जाऊ शकतो. ज्याची पहिली पाळी आहे त्यानं रजेऐवजी आठवडाभरासाठी पाळी बदलून मागावी. ही मागणी साहेबाला रजेपेक्षा सोपी जाते, कारण त्याचं माणूस कमी होत नाही. तरीही ती फार थोडे जण करतात.

सोलापुरात या तिघांत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती भाषेची. पूर्व भागातल्या आजीला तेलुगूशिवाय काही धड सांगता येत नाही. इंडी किंवा आळंदकडून आलेले आजोबा कन्नडमध्येच दुखणं सांगतात. छातीत ‘दुखतंय’, ‘जळजळतंय’ आणि ‘दाबल्यासारखं होतंय’ यांतला फरक डॉक्टरांना फार महत्त्वाचा असतो. म्हणून पहिल्या दिवशी जवळ थांबणारं माणूस निवडताना घरात सगळ्यात मोठं कोण हे बघू नये. पेशंटची भाषाही येते, मराठीही येते आणि घरी कुठल्या गोळ्या चालू होत्या हेही ठाऊक आहे, असं माणूस हवं. बहुतेक घरांत ती सून किंवा धाकटी मुलगी असते. तिचीच रजा आधी संपते. तिच्या कार्यालयातलं काम घरात कुणी काम म्हणून मोजत नाही, म्हणून तिलाच ‘तू घे ना रजा’ असं सांगितलं जातं. पहिल्या दोन दिवसांसाठी तिनं थांबणं रास्त आहे. नंतरचे आठ दिवस मात्र तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं वाटून घ्यावेत, आणि ते भरतीच्या पहिल्याच रात्री ठरावं. नंतर ठरत नाही.

एक अपवाद. डॉक्टरांनी ‘सिरियस आहे, जवळच्यांना बोलावून घ्या’ असं स्पष्ट सांगितलं असेल तर वर लिहिलेला कुठलाही हिशोब मांडू नये. सगळ्यांनी यावं आणि लागेल तितकं थांबावं.

एरवी प्रत्येक आजाराला त्याचं स्वतःचं पंचांग असतं. रजा त्याच्याशी जुळवायला हवी. पक्षाघातात सगळ्यात मोलाचे तास अगदी सुरुवातीचे. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. अक्कलकोट सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटर, पंढरपूर आणि बार्शी सत्तरच्या आसपास. म्हणजे ‘संध्याकाळपर्यंत वाट बघू’ म्हटलं की ते दार बंद होतं. त्या दिवशी रजा मागत बसू नये, फोन करून निघावं. पण भरती झाल्यावर पक्षाघाताची खरी मेहनत पुढच्या तीन महिन्यांत असते. सुधारणेचा मोठा भाग याच काळात होतो आणि त्यासाठी रोज व्यायाम करून घेणारं माणूस लागतं. खुब्याचं हाड मोडलं तर शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत करतात, दुसऱ्या दिवसापासून वॉकर देतात, आठवड्याभरात घरी पाठवतात. पुढचे सहा आठवडे म्हातारं माणूस एकटं उठायला गेलं की पुन्हा पडायची भीती. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापलेलं असतं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि तोवर पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नसते. साध्या अँजिओप्लास्टीचं मात्र उलट आहे. तीन-पाच दिवसांत पेशंट चालत घरी येतो. त्याच्यासाठी महिनाभर रजा घेण्याचं कारण नाही. डेंगीत घात होतो तो ताप उतरताना. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप कमी झाला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नेमक्या त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणजे डेंगीची रजा ताप चढलेल्या दिवशी घेऊन उतरलेल्या दिवशी कामावर जाणं हे अगदी उफराटं आहे. डायलिसिसला सलग रजा घेऊन उपयोग नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, असं ते वर्षानुवर्षं चालतं. तिथं रजेपेक्षा कामाची वेळ कायमची बदलून मिळते का ते बघावं.

म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी राऊंडला डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत. साधारण किती दिवस भरती राहील? आणि घरी गेल्यावर किती दिवस चोवीस तास माणूस लागेल? पहिला प्रश्न सगळे विचारतात. रजेचा हिशोब दुसऱ्याच्या उत्तरावर बसतो.

आता शिल्लक. आपल्याकडच्या कायद्याला कामगाराचं स्वतःचं आजारपण ठाऊक आहे, बाळंतपण ठाऊक आहे. कामगाराची आई आजारी पडते हे त्याला अजून नीट ठाऊक नाही. आजारी आईवडिलांच्या सेवेसाठी म्हणून वेगळी पगारी रजा सगळ्या नोकरदारांना देणारा कायदा देशात नाही. जे काही आहे ते दुसऱ्या नावाच्या रजांतून काढावं लागतं.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं खातं त्यातल्या त्यात भरलेलं असतं. वर्षाला आठ किरकोळ रजा. १९८१ च्या रजा नियमांनुसार अर्जित रजा वर्षाला तीस, पंधरा १ जानेवारीला आणि पंधरा १ जुलैला जमा होतात. अर्धवेतनी रजा वर्षाला वीस. यात लोक कुठे चुकतात? पहिल्या दोन दिवसांना किरकोळ रजा टाकतात आणि मुक्काम लांबला की तिला जोडून अर्जित रजा मागतात. किरकोळ रजा दुसऱ्या रजेला जोडता येत नाही. मग मागचे अर्ज बदला, हजेरीपटावर खाडाखोड करा, असा घोळ होतो. मुक्काम तीन दिवसांच्या वर जाणार असं दिसत असेल तर पहिल्या दिवसापासूनच अर्जित रजा लिहावी. किरकोळ रजा पुढच्या फेऱ्यांसाठी जपाव्यात, टाके काढायचा दिवस, तपासणीचा दिवस, फिजिओथेरपीचा दिवस. त्या दिवशी कधी अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेतही काम होतं.

शनिवार-रविवारचा हिशोब तर डोळ्यांत तेल घालून करावा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्याची कार्यालयं आठवड्यातून पाच दिवस चालतात. अर्जित रजेच्या अलीकडे-पलीकडे आलेल्या सुट्ट्या परवानगीनं जोडून घेता येतात आणि त्या रजेतून वजा होत नाहीत. मध्ये आलेल्या सुट्ट्या मात्र वजा होतात. सोमवार ते शुक्रवार रजा घेतली आणि दोन्हीकडचे शनिवार-रविवार जोडून घेतले तर खात्यातून पाच दिवस जातात आणि हाती नऊ येतात. तीच रजा गुरुवार ते पुढचा बुधवार घेतली तर सात जातात आणि सातच मिळतात. ऑपरेशनची तारीख आपल्या हातात नसते. घरी सेवेला कोणी कोणत्या दिवसापासून थांबायचं हे मात्र भावाबहिणींना आपापसात ठरवता येतं.

अर्धवेतनी रजा घरगुती कारणासाठीही मिळते हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. पगार निम्मा येतो, पण नोकरीवर डाग पडत नाही. परिवर्तित रजा पूर्ण पगारी असते, मात्र ती वैद्यकीय प्रमाणपत्रावर, स्वतःच्या आजारासाठी, आणि एक दिवसाला खात्यातून दोन अर्धवेतनी दिवस जातात. इथंच एक जुनी सवय शिरते. आई आजारी असताना स्वतःच्या नावावर ‘व्हायरल फीवर’चा दाखला आणायचा. साहेबही डोळेझाक करतात. तरीही हे करू नये. खोटा दाखला हा खोटाच, तो पुढे कधीही उकरला जाऊ शकतो. शिवाय दुप्पट दरानं खातं रिकामं होतं, आणि महिनाभर जागरणं करून खरोखर अंथरुणाला खिळण्याची पाळी आली की त्याच खात्याची गरज पडते. ती पाळी येतेच. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात दवाखाना-घर-औषधांचं दुकान अशा फेऱ्या मारणारा, वेळेवर न जेवणारा, बाकड्यावर झोपणारा माणूस दहाव्या दिवशी स्वतः सलाईनवर जातो. सोबत करणाऱ्यानं पाण्याची बाटली आणि डबा विसरू नये. हा सल्ला मायेचा आहे तितकाच रजेच्या हिशोबाचाही.

सगळ्या रजा संपल्या तर बिनपगारी असाधारण रजा. ती वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतली तर वेतनवाढीची तारीख पुढे ढकलली जाते, म्हणून ती अगदी शेवटी. मूल आजारी असेल तर राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. पत्नी हयात नसलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या पत्नीच्या नवऱ्यालाही ती मिळते. शिक्षकांची अडचण निराळी. उन्हाळी-दिवाळी सुट्ट्या असल्यामुळे त्यांची अर्जित रजा फारशी साठत नाही, म्हणून त्यांची सगळी मदार अर्धवेतनी रजेवर असते.

दुकानं, शोरूम, खासगी कार्यालयं यांच्यासाठी राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. वर्षाला आठ किरकोळ रजा, पण त्या तिमाहीप्रमाणे जमा होतात. फेब्रुवारीत वडील भरती झाले तर खात्यात आठ नसतात, दोन असतात. वर्षात २४० दिवस काम झालं असेल तर वीस दिवसांना एक या दरानं भरपगारी रजा, आणि ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठवता येते. अगदी छोटी दुकानं या तरतुदींच्या बाहेर राहतात. तिथं मालकाशी असलेलं नातं हाच कायदा.

कारखान्यांत वीस दिवसांना एक हाच दर. १९४८ च्या कायद्यात त्यासाठी २४० दिवसांची अट होती, २०२० च्या श्रमसंहितेत ती १८० दिवसांवर आली. जुन्या कायद्यात या रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज आणि वर्षातून फार तर तीन वेळा असं बंधन होतं. आजारपणासाठी आगाऊ अर्जाची अट सैल होती, पण ती सवलत बहुधा कामगाराच्या स्वतःच्या आजाराला लावली जाते. ईएसआयचंही, म्हणजे कामगार राज्य विम्याचंही, तसंच. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारकाच्या कुटुंबाला तिथं उपचार मिळतात. पगाराच्या सत्तर टक्के दरानं वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळणारी रोख मदत मात्र कामगार स्वतः आजारी असेल तरच. बायकोच्या उशाशी बसल्याबद्दल ईएसआय पैसे देत नाही.

इथवर ज्यांना रजा आहे त्यांची गोष्ट झाली. सोलापुरातल्या निम्म्या घरांत तो शब्दच वापरात नाही. तिथं शब्द आहे ‘खाडा’. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. गिरण्यांच्या त्या काळापासून हे गाव हजेरीवर आणि खाड्यावर जगत आलंय. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग आले, हिशोब तोच राहिला. टॉवेल आणि चादर जितकी विणली तितका पगार.

यंत्रमागावर माणूस आला नाही तर माग उभे राहतात, म्हणून मालक लगेच बदली शोधतो. इथं धोका एक-दोन खाड्यांचा नसतो. बदली माणूस आठ दिवसांत त्या मागांवर कायम होऊन बसतो, धोका तो. उपाय एकच, बदली आपणच द्यायचा. भाऊ, मेव्हणा, दुसऱ्या पाळीतला ओळखीचा कारागीर, ज्याला परत जाताना माग सोडणं जड जाणार नाही असा. मालकाला सांगताना ‘येतो दोन दिवसांत’ असं मोघम बोलू नये. ‘सोमवारपर्यंत अमका येईल, मंगळवारी सकाळच्या पाळीला मी’ असं सांगावं. आणि उचल मागायची असेल तर ती याच वेळी, भरतीचा कागद दाखवून मागावी. आधीची उचल बाकी असताना न सांगता आठवडाभर गायब झालेल्या माणसाबद्दल मालक वेगळाच अर्थ काढतो.

विडी वळणाऱ्या बाईचं काम घरातच असतं, म्हणून सगळ्यांना वाटतं तिला रजेची गरज नाही. ती विडी कंपनीच्या ब्रँचमधून पान, तंबाखू, सूत घेऊन आलेली असते. पान भिजवलं की ते थांबत नाही, तसंच ठेवलं तर बुरशी धरतं. सासूला घेऊन तिला रात्री सिव्हिलला पळावं लागलं तर सकाळी आधी त्या पानाचं काय करायचं ते ठरवावं. शेजारणीला देऊन आपल्या नावावर विडी भरता येते का, की माल परत करायचा. कार्डावर नोंद तुटू देऊ नये. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात घरी विडी वळणारीही कामगारच होती. वीस दिवसांच्या कामाला एक दिवस भरपगारी रजा त्यात तिचीही होती. ते दिवस मोजायला कार्डावरच्या नोंदीशिवाय दुसरा पुरावा नसतो. कुंभारीच्या वसाहतींत हजारो विडी कामगारांची घरं झाली, पक्की घरं मिळाली ही मोठी गोष्ट. पण सिव्हिलपासून अंतरही वाढलं. रात्री तिथून पेशंट हलवायचा तर १०८ ला फोन करावा. रिक्षा शोधण्यात वेळ घालवू नये.

ज्यांना खाडा परवडत नाही त्यांच्यासाठी कागदपत्रांची पिशवी हीच रजा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. म्हणून इथल्या लोकांना ‘जीवनदायी’ हा शब्द तोंडपाठ आहे. जुलै २०२४ पासून ती सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरतीच्या दिवशीच तिथं जायचं, रेशनकार्ड आणि पेशंटचं आधार घेऊन. दिवस वाया जातो तो नावातल्या फरकानं. आधारवर तेलुगू घराण्याचं आडनाव एका तऱ्हेनं, रेशनकार्डावर दुसऱ्या. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डात. नातवाचं नाव चढवलेलंच नाही. मग पुरवठा कार्यालयाच्या फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा. कुणी आजारी नसतानाच एकदा सगळ्यांची नावं कार्डावर तपासून घेतली तर पुढचे दोन-तीन दिवस वाचतात. हेल्पलाइन १५५३८८.

अर्जाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण नोकरी अडचणीत येते ती बहुधा गैरहजेरीमुळे नव्हे, न कळवल्यामुळे. पहिल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवावा, फोनवर बोलणं झालं असलं तरी. त्यात पाच गोष्टी याव्यात. पेशंटशी नातं, दवाखान्याचं नाव, भरतीची तारीख-वेळ, किती तारखेपर्यंत येता येणार नाही, आणि हातातलं काम कुणाकडे दिलं आहे. साधारण असं: ‘सर, आईला आज रात्री ९ वाजता पक्षाघातामुळे भरती केलं आहे. १२ ते १६ तारखेपर्यंत रजा हवी आहे. बिलांची फाइल कपाटात डाव्या कप्प्यात आहे, चावी देशमुख मॅडमकडे आहे. रीतसर अर्ज उद्या पाठवतो.’ ‘पुढील सूचनेपर्यंत’ असं कधीच लिहू नये. तारीख नसलेली रजा साहेबाला मंजूर करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज. विषय: ‘आईच्या तातडीच्या रुग्णालयीन उपचारांसाठी अर्जित रजा मिळणेबाबत’. रजेचा प्रकार, कधीपासून कधीपर्यंत, एकूण दिवस, मागे-पुढे जोडायच्या सुट्ट्या, रजाकाळातला पत्ता आणि फोन. पेशंटला पुण्याला हलवणार असाल तर ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी’ हे वाक्य हवंच, सरकारी माणसाला त्यावरूनही नोटीस येते. सोबत भरतीच्या कागदाची प्रत. अर्ज कुणाच्या तरी हाती देऊन विसरू नये. आवक-जावकच्या टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्यावा, नाहीतर ई-मेल करावा, नाहीतर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपावी.

दवाखान्याकडून भरती असल्याचा दाखला पेशंट आत असतानाच घ्यावा. त्यात आयपीडी क्रमांक, भरतीची तारीख, आजाराचं नाव आणि ‘सोबत नातेवाईक असणे आवश्यक’ ही ओळ मागून घ्यावी. ती ओळ डिस्चार्ज कार्डावर नसते आणि नंतर मिळवायला अख्खा दिवस जातो. रविवारी सही करणारं कुणी भेटत नाही, म्हणून शुक्रवारीच.

रजा वाढवायची असेल तर ती संपण्याआधी कळवावं. कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमावलीत, मुदत नेमकी दिलेली आहे. रजा संपल्यापासून आठ दिवसांत परत येऊन कारण पटवून दिलं नाही तर जागेवरचा हक्क जाऊ शकतो, आणि विनारजा सलग दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी हे गैरवर्तन ठरतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये कृष्णकांत परमार यांच्या खटल्यात म्हटलं की माणसाच्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे झालेली गैरहजेरी जाणूनबुजून केलेली ठरत नाही. आजार, अपघात, रुग्णालयात भरती अशी कारणं तिथं धरली आहेत. हा मोठा आधार आहे. पण परिस्थिती हाताबाहेर होती हे दाखवायला वरचेच कागद लागतात.

काही महिने असे असतात की रजा मागणंच जड जातं. आषाढीला पोलीस, एसटी, महसूल, आरोग्य, जिल्हा परिषद सगळ्यांची माणसं पंढरपूरच्या बंदोबस्ताला जातात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यात बॉयलर-टर्बाईनवरचा माणूस सोडत नाहीत. ‘रजा हक्क म्हणून मागता येत नाही’ हे नियमातलं वाक्य अशा वेळी ऐकवलं जातं, आणि ते खरं आहे. तेव्हा सरसकट आठ दिवस मागण्यापेक्षा ऑपरेशनचा एक दिवस आणि घरी आणायचा एक दिवस अशा दोन तारखा कागदासह मागाव्यात. बाकी काळात सोलापूर शहरातच ड्युटी मिळावी अशी विनंती करावी. वरिष्ठालाही कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं. दोन तारखा तो बसवू शकतो.

आणि पुण्यातली मुलं. सोलापूरच्या किती घरांत आज म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात आणि मुलगा-मुलगी हिंजवडीला! रात्री फोन येतो, हे लॅपटॉप घेऊन निघतात, चार दिवस दवाखान्याच्या जिन्यात बसून मीटिंगा करतात, धड काम होत नाही की धड सेवा होत नाही. पाचव्या दिवशी मॅनेजर बोलावतो आणि आईला घरी आणतात त्या दिवशी हे हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये असतात. त्यांनी पहिल्या दिवशी यावं, आईचा हात हातात घ्यावा, डॉक्टरांना भेटावं, पैशाची आणि विम्याची बाजू उचलावी. मग सोलापुरातल्या बहिणीवर किंवा चुलतभावावर सोपवून परत जावं आणि डिस्चार्जच्या आदल्या रात्री पूर्ण रजा टाकून दहा दिवसांसाठी यावं, लॅपटॉप न आणता. मागे राहिलेल्या बहिणीला तेव्हा खरी सुटका मिळते. परत जाताना पाय निघत नाही, हे अगदी खरं आहे. मनात भीती असते, मी नसताना काही झालं तर? या भीतीला कुठल्याही हिशोबानं उत्तर देता येत नाही. रोज राऊंड झाल्यावर बहिणीनं फोन करायचा, एवढं ठरवून ठेवलं की ती थोडी सुसह्य होते.

भेटायला येणाऱ्यांचाही उपयोग करून घ्यावा. गावाकडून मामा येतात, नारळपाणी आणतात, तासभर बसून जातात. ‘मामा, बुधवारची रात्र तुम्ही थांबाल का?’ असं विचारलं तर बहुतेक मामा हो म्हणतात. विचारलेलंच नसतं कुणी.

डिस्चार्जच्या दिवशी अर्धी रजा कधीही टाकू नये. सकाळी डॉक्टर ‘आज सोडू’ म्हणतात. मग बिल, औषधं परत करणं, डिस्चार्ज कार्ड, विम्याची शेवटची मंजुरी. विमा कंपनीनं तीन तासांत मंजुरी द्यावी असा नियम २०२४ पासून आहे, तरी गाडी घराच्या दारात लागायला संध्याकाळ होतेच. त्या दिवशी नर्सकडून चार गोष्टी हातानं करून शिकून घ्याव्यात: इन्सुलिन किंवा इतर इंजेक्शन, जखमेची पट्टी, कूस बदलणं, आणि नळी असेल तर नळीतून भरवणं. घरी पलंगाची उंची, न्हाणीतला धरायचा दांडा, कमोडची खुर्ची हे आदल्या दिवशी बघून ठेवावं. त्यासाठी अर्धी रजा चालते.

पुढचे दहा दिवस घरातले. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर लावायच्या. दहाव्या-बाराव्या दिवशी टाके, मग पुन्हा दाखवायची तारीख. कामावर परतायचा दिवस शक्य असेल तर गुरुवार ठेवावा. दोन दिवस काम झालं की शनिवार येतो, आणि तोवर मागे ठेवलेली बाई किंवा वहिनी एकटीनं निभावू शकते का हे कळतं. रुजू अहवाल मध्यान्हपूर्व लिहून द्यावा, मंजूर रजेच्या आदेशाची प्रत मागून घ्यावी आणि महिन्याभरानं सेवापुस्तकात नोंद चढली का ते स्वतः जाऊन बघावं. उरलेल्या किरकोळ रजा कॅलेंडरवर पेन्सिलीनं टाकून ठेवाव्यात, पुढच्या तपासणीच्या तारखांवर.